नजर कमी झालीय? एसटी-रेल्वेची सवलत मिळवायची तर आधी टक्क्याचं गणित समजून घ्या (सांगली-साताऱ्याकडच्यांसाठी)

आपल्याकडं नजर गेली की माणसाचं पहिलं काय बंद होतंय तर फिरणं. बाजार बंद, पाव्हण्याकडं जाणं बंद, दवाखान्याला जायचं तर कुणीतरी सुट्टी काढायची. एसटीत पाऊण तिकीट माफ असतंय, रेल्वेत असतंय, सोबत येणाऱ्याचं पण कमी होतंय, हे घरात बऱ्याच वेळा कुणाला माहीतच नसतं, आणि माहीत असलं तरी लोक दिव्यांगत्वाच्या सर्टिफिकेटवर किती टक्के लिहून आलेत ते बघत नाहीत. सगळा खेळ त्या आकड्याचा आहे. म्हणून फॉर्म कसा भरायचा ते नंतर सांगतो, आधी आकडा.

डोळ्याचे टक्के डॉक्टर मनाने देत नाहीत, केंद्र सरकारचा ठरलेला तक्ता आहे. तक्त्यात बघतात ते चांगल्या डोळ्याला चष्मा लावून किती दिसतंय, आणि त्याच्या जोडीला वाईट डोळा किती वाईट आहे. ६/६० म्हणजे धडधाकट नजरेच्या माणसाला जे साठ मीटरवरून दिसतं ते तुम्हाला सहा मीटरवर आल्यावर दिसतं. बिनचष्म्याचं काही दिसत नाही म्हणून टक्के मिळत नाहीत. चष्मा लावून दोन्ही डोळे ६/१८ पर्यंत जात असतील तर शून्य टक्के, मग बिनचष्म्याचा तुम्ही भिंतीवर का आपटेना. मोतीबिंदूचं पण तसंच, ऑपरेशन करून नजर येण्यासारखी असेल तर आधी ऑपरेशन करा म्हणतात, आणि ते बरोबरच आहे.

एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला आहे, तर ३० टक्के. इथं लई जणांचा हिरमोड होतो. एक डोळा गेलेला माणूस म्हणतो मी अर्धा आंधळा, मला ५० तरी द्या. पण तक्त्यात ३० आहे आणि बहुतेक सवलती ४० पासून चालू होतात. त्यात डॉक्टरांशी भांडून काही उपयोग नाही.

चांगला डोळा ६/२४ ते ६/६० मध्ये आला की ४० लागू होतंय. दुसरा डोळा पण तेवढाच असेल तर ४०, त्याहून खाली म्हणजे ३/६० पर्यंत असेल तर ५०, आणि दुसरा डोळा ३/६० च्याही खाली किंवा पूर्णच गेला असेल तर ६०. मग चांगलाच डोळा ६/६० च्या खाली गेला (३/६० पर्यंत) की ७० किंवा ८०. ३/६० च्या खाली गेला की ९०, आणि नुसती हाताची हालचाल कळते, नुसता उजेड कळतो किंवा काहीच कळत नाही, अशाला १००.

आता ६० आणि ७० मधली फट बघा. एसटीत दिव्यांग माणसाला ४० टक्क्यांपासून सवलत आहे, पण सोबतच्या मदतनीसाला सवलत हवी तर दिव्यांगत्व ६५ च्या वर लागतंय. डोळ्याच्या तक्त्यात ६५ असा आकडाच नाही, ६० च्या नंतर थेट ७०. म्हणजे एक डोळा पूर्ण गेलाय आणि दुसऱ्याला ६/६० दिसतंय, असा माणूस ६० वर थांबतो आणि त्याच्या बायकोला किंवा पोराला मदतनीस म्हणून काही मिळत नाही. हे आधीच माहीत असलं की कंडक्टरशी वाद होत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि ह्यासाठीच मी हे लिहायला बसलोय. नुसता भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचता येतो का नाही एवढ्यावर टक्के ठरत नाहीत, नजरेचा घेर पण मोजतात. इंग्रजी शब्द फील्ड, आणि तपासणी ती फील्ड टेस्ट किंवा पेरिमेट्री. मशीनच्या पोकळ गोलात डोकं ठेवायचं, मध्ये एकटक बघायचं, बाजूला बारीक ठिपके चमकतात, दिसला की बटण दाबायचं. आरपीवाले (रेटिनायटिस पिगमेंटोसा, डोळ्याच्या पडद्याचा हळूहळू वाढणारा आजार) आणि काचबिंदू पुढं गेलेले लोक ह्यांचं असं असतं की मधली नजर शाबूत. समोरचं अक्षर वाचतील, मोबाईलवर मेसेज वाचतील, पण बाजूने येणारी मोटारसायकल दिसत नाही, पायातला दगड दिसत नाही, उंबरा दिसत नाही. तक्त्यासमोर बसवलं तर ६/१२ येतंय आणि हातात शून्य टक्के. ओळखीतल्या एका पोराचं अगदी असंच झालं, वाचता येतंय मग कसला दिव्यांग म्हणून एका ठिकाणाहून परत पाठवला, आणि ते पोरगं संध्याकाळ झाली की घराच्या बाहेर पडू शकत नव्हतं.

नियम काय म्हणतो तर घेर ४० अंशाच्या खाली २० पर्यंत आला असेल तर ४० टक्क्यांच्या गटापासून, २० च्या खाली १० पर्यंत असेल तर ७० च्या गटात, आणि १० अंशाच्याही खाली गेला असेल तर ९० च्या गटात, म्हणजे तक्त्यावरची अक्षरं वाचता येत असली तरी अंधत्व. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातच अंधत्वाच्या व्याख्येत हे १० अंशाचं लिहिलेलं आहे. पण रिपोर्ट समोर असल्याशिवाय डॉक्टर तरी काय करणार. म्हणून आरपी, काचबिंदू, मेंदूला मार लागून किंवा पॅरालिसिसनंतर अर्धी बाजू दिसेनाशी झालेली असेल तर फील्ड टेस्ट करूनच बोर्डासमोर (तपासून टक्के ठरवणारे सरकारी डॉक्टर) जा, नाहीतर तिथं गेल्यावर शांतपणे सांगा की साहेब माझा घेर कमी आहे, फील्ड घ्या. रातांधळेपणा सांगायचा असेल तर जरूर सांगा, पण नुसत्या रातांधळेपणाला तक्त्यात वेगळे टक्के नाहीत, टक्के घेराला आहेत.

फॉर्म ऑनलाइन आहे. स्वावलंबन कार्ड नावाचं केंद्र सरकारचं पोर्टल, तिथं यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी अर्ज करायचा. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, सही किंवा अंगठा, आणि जुने डॉक्टरी कागद असतील तर ते. अर्जाला फी नाही. मोबाईलवरून भरता येतो पण डोळ्याच्या माणसाला ते कसं जमणार, म्हणून घरातल्या कॉलेजच्या पोराला बसवा नाहीतर महा-ई-सेवा केंद्रात जा, ते त्यांचा भरण्याचा चार्ज घेतील तेवढाच द्या. टक्के वाढवून देतो म्हणणारा कुणी भेटला तर तिथूनच माघारी फिरा. आधारवरचं नाव, जन्मतारीख आणि अर्जातलं नाव अक्षर न् अक्षर जुळवा, आधारात आजीचं नाव एक आणि रेशनकार्डावर दुसरं असं आपल्याकडं घरोघरी आहे आणि पुढं प्रत्येक ऑफिसात तेच नडतंय. मोबाईल नंबर घरात कायम चालू राहणारा द्या.

अर्ज करताना दवाखाना निवडावा लागतो. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय, सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय ज्याला आपण सिव्हिल म्हणतो, आणि कराडला वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय. जत-आटपाडीवाले किंवा माण-खटाववाले असाल तर जाण्यायेण्यातच दिवस जातोय, तेव्हा आधी फोन करून नाहीतर कुणाला तरी पाठवून दोन गोष्टी नक्की विचारा: डोळ्याचा बोर्ड कुठल्या वारी बसतो, आणि फील्डचं मशीन तिथंच आहे का बाहेरून करून आणायचं. एवढं विचारलं की एक हेलपाटा वाचतो. म्हसवडवरून पहाटेच्या गाडीला आंधळ्या म्हाताऱ्याला बसवून आणायचं आणि आज डोळ्याचे डॉक्टर नाहीत हे ऐकायचं, ह्याच्यासारखा त्रास नाही.

जाताना सगळी फाईल न्या. सध्याचा चष्मा (हा लोक घरी विसरतात, आणि तपासणी तर चष्म्यावरच होणार), ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड, डोळ्याच्या पडद्याचे फोटो, ओसीटी (पडद्याचं स्कॅन), शुगरवाल्यांनी शुगरचे कागद आणि लेसर किंवा इंजेक्शन घेतलं असेल तर त्याची नोंद. बुबुळ मोठं करायचे थेंब घातले की पुढं काही तास आहे तेवढं पण अंधुक होतंय आणि उन्हात डोळे दिपतात, म्हणून एकटं जाऊ नका.

तपासताना एक गोष्ट मनापासून सांगतो. आपली माणसं तक्त्यासमोर बसली की परीक्षेला बसल्यासारखी करतात. अंदाजाने अक्षर सांगायचं, मागच्या पेशंटचं ऐकून सांगायचं, डोळे बारीक करून मान वाकडी करून कसंबसं वाचायचं, आणि डॉक्टरांनी शाबास म्हणावं असं वाटतं. हे करू नका. दिसत नाही तर दिसत नाही म्हणा. आणि उलटं पण करू नका, दिसतंय ते दिसत नाही म्हणू नका, कारण शंका आली तर डोक्याला वायर लावून मेंदूपर्यंत नजर पोचते का ते बघणारी व्हीईपी तपासणी असते, आणि तुमच्या खोटेपणामुळं पुढच्या खऱ्या माणसाकडं पण संशयाने बघितलं जातं.

सर्टिफिकेट आलं की तीन ठिकाणी बघायचं. टक्के किती, कायमस्वरूपी आहे का तात्पुरतं, आणि तात्पुरतं असेल तर कुठल्या तारखेपर्यंत. शुगरच्या पडद्यावर उपचार चालू असतील तर तात्पुरतं देतात, त्यात गैर काही नाही, तारीख तेवढी कॅलेंडरवर लिहून ठेवा. कार्ड पोस्टाने येतं, तोवर पोर्टलवरून ई-कार्ड डाउनलोड करता येतं. नवीन कार्डांना रंग आहेत, ४० च्या खाली पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि वर निळं.

टक्के चुकीचे वाटले किंवा नाकारलं तर नाकारल्याचं कारण लेखी मागायचा हक्क आहे. आणि निर्णयावर राज्य सरकारने ठरवलेल्या मुदतीत अपील करता येतं, अपिलाचा हक्क कायद्याच्या कलम ५९ मध्ये दिलाय. अपील म्हणजे कोर्टकचेरी नव्हे, वकील लागत नाही, अर्ज आणि कागद. पण कागदात नवीन काहीतरी पाहिजे, फील्डचा रिपोर्ट, नाहीतर मेडिकल कॉलेजच्या डोळ्याच्या विभागाचा रिपोर्ट, तेच ते जुने कागद परत देऊन तेच उत्तर येणार.

एसटीकडं येऊ. ४० आणि वर असेल तर साध्या आणि निमआराम गाडीत ७५ टक्के सवलत, म्हणजे शंभराच्या तिकिटाला पंचवीस. शिवशाहीत ७० टक्के. मदतनीसाला, मघाशी सांगितलं तसं ६५ च्या वर असेल तरच, साध्या गाडीत ५० आणि शिवशाहीत ४५. आता व्यवहाराची गोष्ट. सोबत बाई येणार असेल तर तिला २०२३ पासून महिला सन्मान योजनेत तसंही अर्धं तिकीट आहे, त्यासाठी टक्क्याची अट नाही. म्हणजे ६० वर अडकलेल्या माणसाने सोबत बायकोला, मुलीला, बहिणीला नेलं तर घरचा खर्च तेवढाच पडतो. आणि म्हातारं माणूस ७५ च्या वरचं असेल तर एसटी फुकटच आहे, तिथं दिव्यांग सवलतीत अडकूच नका, वयाचा पुरावा दाखवा. दोन सवलती एकावर एक मिळत नाहीत, जी जास्त ती घ्यायची. मूळ कार्ड जवळ ठेवा, झेरॉक्सवर आणि मोबाईलमधल्या फोटोवर कंडक्टर ऐकेलच असं नाही. कंडक्टरला आधीच सांगायचं, दिव्यांग एक, मदतनीस एक. मशीनमधून फुल तिकीट निघाल्यावर सांगितलं की त्याची पण अडचण आणि तुमची पण. राखीव सीट असते, तिथं कुणी बसलं असेल तर गोड बोलून उठवा, आणि गाडीतल्या बाकीच्यांनो, पांढरी काठी दिसली की स्वतःहून उठा की.

रेल्वेचं जरा वेगळं आहे. इथं ४०-५०-६० टक्केवाल्याला काही नाही. रेल्वे बघते पूर्ण दृष्टिहीन आहे का. कमी दिसणाऱ्यांनी तिकीट खिडकीवर यूडीआयडी दाखवून वाद घालायला जाऊ नये. पूर्ण दृष्टिहीन असेल तर मात्र सेकंड, स्लीपर, थ्री एसी आणि एसी चेअर कारला ७५ टक्के, टू एसी आणि फर्स्ट एसीला ५० टक्के, आणि एकटा जा नाहीतर सोबत एक जण घेऊन जा, सोबतच्याला पण तेवढीच सवलत. मंथली पासला ५० टक्के, हे मिरज-कोल्हापूर रोज ये-जा करणाऱ्या नोकरदार अंध मुलांना फार उपयोगाचं आहे. २०२० मध्ये ज्येष्ठ नागरिकांची रेल्वे सवलत बंद झाली तेव्हापासून गावाकडं लोकांची समजूत झालीय की सगळंच बंद झालं. तसं नाही, दिव्यांगांची चालू आहे.

रेल्वेचा सर्टिफिकेटचा स्वतःचा नमुना असतो, त्यावर सरकारी डॉक्टरचा सही-शिक्का घ्यावा लागतो, तेव्हा बोर्डाला जाताना तो फॉर्म प्रिंट काढून सोबतच न्या म्हणजे त्यासाठी परत जायला नको. मग रेल्वेच्या दिव्यांगजन ओळखपत्राच्या पोर्टलवर अर्ज करायचा. सातारा, सांगली, मिरज ही सगळी स्टेशनं पुणे विभागात येतात, त्यामुळं विभाग पुणे. कार्डाचा नंबर आला की घरबसल्या ऑनलाइन तिकीट काढता येतं, रांगेत उभं राहायला नको. कोयना, महालक्ष्मीसारख्या गाड्यांना दिव्यांगांचा वेगळा डबा पण असतो, तो कुठल्या टोकाला आहे ते आधी हमालाला किंवा स्टेशनमास्तरला विचारून घ्या, गाडी आल्यावर प्लॅटफॉर्मवर पळापळ करणं नजर नसलेल्या माणसासाठी धोक्याचं आहे. साताऱ्याचं स्टेशन तर गावाबाहेर माहुलीकडं, तिथपर्यंतची रिक्षा धरून हिशोब करा, जवळच्या प्रवासाला एसटीच परवडते.

गाडी घेताना जीएसटीची सूट मिळते म्हणून काही जण विचारतात. ती अस्थिव्यंग असलेल्यांसाठी होती, डोळ्याच्या सर्टिफिकेटवर मिळत नाही. कुणी एजंट मिळवून देतो म्हणाला तर ऐकू नका. केंद्र सरकारच्या नोकरीत, पोस्टात वगैरे असाल तर वाहतूक भत्ता दुप्पट मिळतो, ऑफिसात अर्ज द्या, मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

काठीचं सांगायचं राहिलं. तिकीट स्वस्त झालं म्हणून माणूस घराबाहेर पडत नाही, पडता यायला पाहिजे. केंद्राच्या एडिप योजनेत ४० टक्के किंवा वर आणि महिन्याचं उत्पन्न साडेबावीस हजारापर्यंत असेल तर साहित्य पूर्ण मोफत, तीस हजारापर्यंत निम्म्या किमतीत. एलिम्को ही सरकारी कंपनी जिल्ह्यात शिबिरं घेते, जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात तारखेची चौकशी करत राहा. साधी घडीची काठी असते आणि स्मार्ट केन पण असते, जी समोर छातीच्या उंचीला काही अडथळा असला तर हातात थरथरते. साधी काठी घ्याल तर उभं राहिल्यावर छातीच्या मधल्या हाडापर्यंत येईल एवढी उंच घ्या, म्हाताऱ्याची टेकायची काठी वेगळी आणि ही वेगळी, हिच्याने पुढचं पाऊल तपासायचं असतं. शिवाय ग्रामपंचायत असो का महापालिका, स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. ग्रामसेवकाला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी विचारलं की बघू म्हणतात, पोच असली की उत्तर द्यावं लागतंय. ग्रामसभेत हात वर करून विचारलंत तर अजून चांगलं.

आणि घरच्यांना एक सांगणं आहे. कार्ड आल्यावर ते कपाटात ठेवू नका. तात्यांना, आक्काला विचारा कुठं जायचंय. अण्णाला सोबत न्या म्हणण्यापेक्षा आधी घरापासून स्टँडपर्यंतचा रस्ता त्यांच्यासोबत चालून पाठ करून घ्या, किती पावलांवर गटार, कुठं वळण, कुठल्या टपरीच्या आवाजावर थांबायचं. बऱ्याच जणांना स्टँडपर्यंत पोचवलं की पुढं एकट्याने जाता येतं, आपणच घाबरून त्यांना घरात बसवतो.

ज्यांचं तात्पुरतं सर्टिफिकेट आहे त्यांनी मुदत संपायच्या दोन-तीन महिने आधीच परत अर्ज टाका, कारण मुदत संपली की एसटीची सवलत पण त्या दिवसापासून थांबते. ज्यांची नजर हळूहळू कमी होत जाणारी आहे, आरपीवाले, काचबिंदूवाले, त्यांनी तर जुन्या टक्क्यावर बसून राहू नये. पाच वर्षांपूर्वी ६० मिळाले होते आणि आता घेर अजून आत आलाय असं वाटत असेल तर नवीन फील्ड करा, जुना आणि नवा दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून फेरतपासणीचा अर्ज करा. ६० चे ७० झाले की मदतनीसाचं तिकीट निम्म्यावर येतं. आणि घेर १० अंशाच्या आत गेलाय असं रिपोर्टमध्ये दिसत असेल तर तो कागद डॉक्टरांच्या हातात देऊन हे नीट बघा म्हणून सांगा, गर्दीत फाईलमधलं मधलं पान बघायचं राहून जातं, म्हणून तो रिपोर्ट फाईलच्या अगदी वर लावा.